कॉल रेकॉर्डिंगमधली ग्राहकाची माहिती झाकताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात बुकिंगचे, हप्त्यांचे, तक्रारींचे फोन दिवसभर रेकॉर्ड होतात. आधार किंवा कार्डाचा नंबर आला की त्यावर आपोआप बीप बसते, असं मी धरूनच चाललो होतो. एकदा सहज हेडफोन लावला, तर एका काकांचा अख्खा आधार नंबर ऐकू आला. "थांबा ओ, चष्मा घेतो. हां, लिवा. सत्तेचाळीस... एकोणनव्वद... डबल शून्य..." सॉफ्टवेअर 12 सुटे अंक शोधत होतं आणि काका जोड्यांनी बोलत होते.

इंग्रजी अंकांवर तपासलेलं मास्किंग, म्हणजे नंबर आपोआप झाकणं, मराठीवर तसंच चालेल असं समजणं, ही सगळ्यात मोठी चूक. 47 हा आपल्याकडे एकच शब्द, त्यातही सात आधी येतो. सात आणि साठ यांची गल्लत वेगळीच. मधे "थांबा", "हां" आलं की अंकांची साखळी तुटते. कर्नाटकातल्या निपाणीकडचा ग्राहक तर अर्धे अंक कन्नडमध्ये सांगतो. म्हणून आपलेच पन्नासेक कॉल घ्या, हातानं खुणा करा आणि मशीननं काय काय सोडलंय ते बघा. आम्ही आता एजंटनं "आधार", "पॅन", "कार्ड" विचारल्यापासून पुढची तीस सेकंदं सरसकट झाकतो, अंक ओळखले जावोत वा न जावोत. चार शब्द जास्त गेले तरी चालतील.

दुसरी गळती आपल्याच बाजूला असते. ग्राहकाच्या आवाजाच्या ट्रॅकवर बीप नीट बसते, पण "परत सांगते हं काका" म्हणत आमची फोनवरची मुलगी तोच नंबर स्वच्छ वाचते. दोन्ही ट्रॅक एकाच वेळी झाका. फोनवर बोलणाऱ्या मुलामुलींनाही फक्त शेवटचे चार अंक वाचायची सवय लावा.

पहिले दोन अंक ऐकू येतात आणि बीप नंतर वाजते? बहुतेक वेळा शब्दांच्या वेळा मूळ फाईलवरून काढलेल्या असतात आणि बीप मात्र शांतता कापून छोट्या केलेल्या फाईलवर लावलेली असते. आधी झाका, मग कापा. दोन्ही बाजूंना अर्धा सेकंद जादा ठेवा.

कीपॅडवर नंबर दाबायला लावला म्हणजे सुटलो, असंही नाही. प्रत्येक बटणाचा स्वर दोन ठरावीक फ्रिक्वेन्सींचा असतो, त्यावरून अंक परत काढता येतो. ते स्वर रेकॉर्डिंगपर्यंत पोचूच देऊ नका. कार्डावरच्या सीव्हीव्ही या गुप्त अंकांसाठी तर पीसीआय डीएसएसचा, म्हणजे कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेसाठीच्या मानकाचा, नियम स्पष्ट आहे: व्यवहार मंजूर झाल्यावर तो कूटबद्ध करूनही साठवायचा नाही. रेकॉर्डिंगलाही हेच लागू. ओटीपी फोनवर मागायचाच नाही.

आवाज झाकला, पण त्याच कॉलचा लिखित मजकूर तसाच राहिला, हेही फार घडतं. बॅकअप, एजंटनं नोंदीत टाइप केलेला नंबर, "हा कॉल ऐक" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली मूळ फाईल, सगळं तपासा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मला जास्त लागलं ते काकांचं. आम्हाला सोपं जावं म्हणून ते एकेक आकडा सावकाश, दोनदा सांगत होते. त्यांची मूळ फाईल त्याच संध्याकाळी बॅकअपसकट पुसली.