आश्रयाचा अर्ज रखडलाय आणि मागे एखादी केस आहे? या चुका टाळा

मी नांदेडला कोर्टात वकिली करते. गेल्या काही वर्षांत एक वेगळंच काम माझ्याकडे येऊ लागलंय. मुलगा किंवा भाऊ अमेरिकेत, त्याचा आश्रयाचा म्हणजे असायलमचा अर्ज पाच-सात वर्षं पडून, आणि एक दिवस तिकडच्या वकिलाचा निरोप येतो, की इकडच्या जुन्या केसचा निकाल पाठवा. घरचे धास्तावून येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, ती केस सांगायलाच पाहिजे का?"

सांगायलाच पाहिजे. असायलमच्या अर्जाचा जो आय-५८९ फॉर्म असतो, त्यात अमेरिकेतल्या अटकेबद्दल विचारतात, तसंच इतर कुठल्याही देशात आरोप, अटक, शिक्षा झाली होती का, हेही विचारतात. केस किरकोळ होती, एवढ्यावरून अर्ज बुडेलच असं नाही. ती लपवली आणि नंतर सापडली, तर मात्र त्याच्या बाकीच्या खऱ्या हकिगतीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

आपल्याकडे "सुटला" हा शब्द फार ढिला वापरतात. पोळ्याच्या वेळी पत्त्यांच्या अड्ड्यावर धाड पडली, गुन्हा कबूल केला, तीनशे रुपये दंड भरून संध्याकाळी घरी. गावाच्या लेखी विषय संपला, पण कागदावर ती शिक्षाच आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं असेल, तरी कोर्टाने आधी दोषी ठरवलेलंच असतं आणि अमेरिकेत ते दोषसिद्धी म्हणूनच धरतात. तडजोडीने मिटलेली केस वेगळी, तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. म्हणून सांगोवांगीवर फॉर्म भरू नका, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. तिच्या मागच्या बाजूला अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा असतात. स्कॅन करताना ती बाजूही घ्या. इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं, सोबत भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र हवं. निकालावर उस्मानाबाद आणि नव्या कागदावर धाराशिव असेल, तर २०२३ मध्ये नाव बदलल्याची ओळ वकिलाला जोडायला सांगा. आणि नक्कल कशासाठी हवी, हे कोर्टाच्या आवारात किंवा गावात बोलू नका. माणूस ज्यांच्या भीतीने गेलाय, त्यांच्या कानावर जायला वेळ लागत नाही.

दुसरी मोठी चूक तिकडे होते. २०१८ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन खातं नव्या अर्जांच्या मुलाखती आधी घेऊ लागलं, त्यामुळे जुने अर्ज मागे पडले. अर्ज केला तेव्हा रेकॉर्ड स्वच्छ होतं, आता काय होणार, असं पोरं समजतात. पण बोटांचे ठसे पुन्हा घेतात आणि निर्णयाच्या दिवशीचं रेकॉर्ड बघतात. मधल्या काळात दुकानातली चोरी किंवा घरातली मारहाण निघाली आणि "कबूल करून टाक, तुरुंग टळेल" असा सल्ला मिळाला, की घात होतो. चोरीला एक वर्षाची शिक्षा सुनावली, मग ती स्थगित का असेना, की तो गुन्हा तिथल्या गंभीर वर्गात जातो आणि आश्रयाचं दार बंद होतं. नंतर रेकॉर्ड पुसून घेतलं तरी इमिग्रेशनसाठी सहसा उपयोग नाही. कबुली देण्याआधी वकिलाला इमिग्रेशनवरचा परिणाम विचारायचाच. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी निकालाने तो सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य ठरवलंय.

ब्रिटनमध्ये मोजमाप वेगळं आहे. २८ जून २०२२ पासून दोषी ठरलेल्यांचा आश्रय नाकारायला बारा महिन्यांची कैद पुरते, आधी दोन वर्षांची लागायची. मात्र समाजाला आपल्यापासून धोका नाही, हे दाखवायची संधी तिथे असते.

पत्ता बदलला तर अमेरिकेत दहा दिवसांत कळवावं लागतं. एवढ्यासाठी मुलाखतीचं पत्र चुकवू नका.

आणि शिक्षा झाली म्हणून घाबरून अर्ज मागे घेऊ नका. मायदेशी छळ होण्याची शक्यता सिद्ध झाली, तर गंभीर गुन्हा असूनही संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराखाली मायदेशी परत पाठवणं थांबू शकतं. त्यातून ग्रीन कार्ड मिळत नाही, पण जीव वाचतो.