आधी नोंदी बघा, मग माणसाकडं बघा

शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या फाउंड्रीत तिघांत एकच कॉम्प्युटर. रात्रपाळीनंतर कोटेशनची फाइल बदललेली दिसली आणि सगळ्यांचा संशय नव्या पोरावर गेला. मला ते पटलं नाही.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ (कॉम्प्युटरवर काय काय झालं त्याच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम) उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिक्युरिटी’त जा. जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून पहिल्यांदा तो लॉग, म्हणजे नोंदींची यादी, पेनड्राइव्हवर सेव्ह करा. प्रत्येक नोंदीला ‘इव्हेंट आयडी’ हा क्रमांक असतो: ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं. ४६२४ च्या ढीगभर नोंदी सिस्टीमच्याच असतात. म्हणून ४६२४ पैकी ‘लॉगॉन टाइप’ २ (कॉम्प्युटरसमोर बसून केलेलं लॉगिन) आणि ७ (लॉक झालेला स्क्रीन उघडणं) तेवढ्या निवडा. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही तपासा. मग वेळा हजेरीपटाशी ताडा.

पासवर्ड सगळ्यांचा एकच असेल, तर नोंद खातं सांगते, माणूस नाही. पोराची त्या रात्री सुट्टी होती.