पायथनमधून एचटीएमएल मेल पाठवताय? या चुका टाळा

स्क्रिप्ट चालली, एरर आली नाही, म्हणजे मेल नीट गेले असं समजणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

सगळ्यात महागात पडते ती लूपमधली चूक. मेसेज लूपबाहेर एकदाच बनवायचा आणि आत फक्त 'टू', म्हणजे मेल कुणाला जाणार तो पत्ता, बदलत जायचं. आमच्याकडे एका नवीन मुलाने हेच केलं. नवा पत्ता दिला की जुना पुसला जातो, असं त्याने धरून चाललं. डिक्शनरीत तसं होतं, माइममल्टिपार्ट या पायथनच्या जुन्या मेल-क्लासमध्ये होत नाही. तिथे नवं 'टू' जुन्याच्या खाली जोडलं जातं. पहिल्या ग्राहकाचा मेल बिनचूक गेला, दुसऱ्याच्या मेलमध्ये पहिल्याचाही पत्ता, आणि शेवटच्याच्या हाती अख्खी यादी! चाचणी त्याने स्वतःच्या एकाच पत्त्यावर केली होती, मग कळणार कसं? ग्राहकांचे फोन यायला लागले तेव्हा सगळे मेल जाऊन पोचले होते. म्हणून मी दर माणसासाठी फंक्शनमधून नवा मेसेज बनवते, आणि चाचणी कधीही एका पत्त्यावर करत नाही. त्यापेक्षा पायथनचा नवा ईमेलमेसेज हा क्लास वापरा. त्यात दुसरं 'टू' लावायला गेलात की व्हॅल्यूएरर येते. ती ट्राय-एक्सेप्टमध्ये दडपणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरं, भागांचा क्रम. मल्टिपार्ट-अल्टरनेटिव्हमध्ये, म्हणजे एकच मजकूर साधा आणि एचटीएमएल अशा दोन रूपांत देणाऱ्या मेलमध्ये, शेवटचा भाग सर्वांत पसंतीचा मानतात. म्हणून आधी सेट_कंटेंटने साधा मजकूर, मग ॲड_अल्टरनेटिव्हने एचटीएमएल. उलट केलंत तर तुमची सजावट कुणाला दिसेलच याचा भरवसा नाही. आणि साध्या भागात 'हा मेल एचटीएमएलमध्ये पाहा' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. पूर्ण मजकूर द्या.

सीएसएसची (सजावटीच्या नियमांची) वेगळी फाइल जोडू नका, ते त्या त्या टॅगच्या स्टाइल ॲट्रिब्यूटमध्येच लिहा. विंडोजवरचं जुनं आउटलुक 2007 पासून वर्डच्या इंजिनने मेल दाखवतं, त्यामुळे मांडणीला टेबलच बरं.

नावं टेम्प्लेटमध्ये घालण्याआधी एचटीएमएल.एस्केप या फंक्शनमधून पार करा, म्हणजे नावातलं एखादं < किंवा & चिन्ह एचटीएमएल बिघडवणार नाही.

जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड (स्क्रिप्टसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्या, आणि तो कोडमध्ये लिहू नका.

मेल सर्व्हरशी कनेक्शन नुसतं अडकून पडलं तर पोर्ट बघा: 465 ला एसएमटीपी_एसएसएल, 587 ला साधं एसएमटीपी आणि लॉगिनच्या आधी स्टार्टटीएलएस, म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी आज्ञा.