एक ते चारमधली वीस मिनिटं

दुपारी जेवून आडवं व्हावं आणि तासाभराने उठल्यावर डोकं जड, आज वार कोणता तेही पटकन आठवेना. पुण्यात एक ते चारची चेष्टा खूप होते, पण दोष डुलकीचा नाही, उठायच्या वेळेचा आहे. पहिली वीसेक मिनिटं झोप बहुधा हलकी असते: कुकरची शिट्टी कानावर येते, मध्येच पाय दचकतो. त्यानंतर गाढ झोप लागते आणि तिच्यातून गजराने ओढून काढलं की माणूस अर्धा तास भ्रमिष्टासारखा फिरतो.

मी आता असं करतो:

१. आडवं व्हायच्या आधी अर्धा कप चहा, घटाघट. ऐकायला उलटं वाटतं, घरात आईही हसली. पण कॅफीनचा असर जाणवायला वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हणजे तरतरी नेमकी उठताना येते.

२. गजर 25 मिनिटांचा. पाच डोळा लागायला, वीस डुलकीला. फोन हाताशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

३. पलंग टाळा. आरामखुर्ची बरी, पांघरूण अजिबात नको.

रात्रीचं जागरण भरून काढायचं असेल तर सरळ 90 मिनिटं झोपा. साधारण तेवढ्यात झोपेचं एक चक्र पुरं होतं. अधलंमधलं पाऊण तासाचं काही ठेवू नका.

मात्र तीननंतर हा प्रयोग नको, आणि रात्री झोपच लागत नसेल त्यांनी चहा आणि डुलकी दोन्ही सोडावं.