चर्चमध्ये गीतं कशी चालवायची : पहिल्यांदाच पेटीमागे बसणाऱ्यांसाठी

रविवारच्या उपासनेची गीतं या वेळी तू घे, असं पाळकसाहेबांनी सांगितलं की पोटात गोळा येतो, माझ्याही आला होता. पण तुम्ही किती छान गाता हे कुणी बघत नसतं, मागच्या बाकावरची आजी गायली का नाही एवढंच बघायचं.

आधी पाळकांना फोन करा, गुरुवारपर्यंत तरी. बायबलमधलं वचन कोणतं, उपदेशाचा विषय काय, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे का हे विचारा, त्यावरून गीतं काढा. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार असतील तर लगेच ख्रिस्तजन्माची सगळी गाणी संपवू नका, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, उड्या मारायला लावणारी घेऊ नका. चार-पाच गीतं पुरतात, त्यात नवीन फक्त एक. बाकीची ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली, सगळ्यांच्या तोंडातली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-भजनाच्या चालीत इतकं लिहून ठेवलंय की आपल्या लोकांना ते शिकवावं लागत नाही, ठेका धरला की टाळ्या आपोआप सुरू होतात.

आता पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला ‘सा’ धरायचा ते, इथेच सगळे फसतात. युट्यूबवरचा गायक ज्या पट्टीत गातो त्यात मंडळी गाऊ शकत नाही. मी एकदा काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी) सुरू केलं, धृपद ठीक गेलं आणि अंतरा वर चढला तसं अख्खं चर्च गप्प, मी एकटाच किंचाळतोय आणि तबलेवाला माझ्याकडे बघतोय. तेव्हापासून गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आधी शोधतो, काळी एकमध्ये तो वरच्या रे च्या पुढे जात असेल तर सरळ तिच्या डावीकडच्या, खालच्या काळी पाचपर्यंत आणतो. खाली आणल्यावर खालचे सूर पण एकदा तपासा, नाहीतर बायकांचा आवाजच लागत नाही.

शनिवारी तबला-ढोलकीवाल्यासोबत अर्धा तास बसाच. ताल केहरवा की दादरा, कुठे थांबायचं, कोणतं कडवं गाळायचं ते तेव्हाच ठरवा, कारण उपासनेत खुणा कुणालाच कळत नाहीत. लय एकदा धरली की वाढवू नका, आपल्याकडे प्रत्येक भजन शेवटी एक्सप्रेस होतं!

ढोलकी कशाला देवळात म्हणणारे एक काका सगळीकडे असतात, भांडू नका, बायबलमधलं स्तोत्र १५० काढून द्या, त्यात डफ पण आहे आणि झांजा पण.

प्रत्यक्ष उपासनेत गीत क्रमांक दोनदा सांगा, पुस्तक उघडेपर्यंत पेटीवर धृपदाची चाल एकदा वाजवा. दोन गीतांच्या मध्ये भाषण नको, उपदेश पाळक करतातच. शेवटच्या कडव्याला माईकपासून जरा मागे सरका, वाद्यं बंद करून बघा, मंडळी गात असेल तर तेव्हा कळतं, नसेल तर पुढच्या वेळी पट्टी आणखी अर्धा सूर खाली घ्या. प्रभुभोजनाला रांग किती लांबेल सांगता येत नाही म्हणून एक संथ गीत जास्तीचं ठेवा, आणि रांग अचानक संपली तर आहे ते कडवं पूर्ण करून थांबा, मध्येच तोडू नका.