चोर्ला चढून गाडी सुधारते, म्हणजे जेट लहान पडतोय

माझी इम्पल्स मोटरसायकल 2012 सालची आहे. हिरोने 2011 मध्ये बाजारात आणलेली ही 149.2 सीसीची गाडी आता नवी मिळत नाही. पण गोव्यातल्या साखळीकडचा डांबरी रस्ता आणि सत्तरीतल्या आमच्या काजूच्या बागायतीकडे जाणारी लाल मातीची वाट, दोन्ही एकाच गाडीने करायची तर मला तीच हवी. गेल्या दोन-तीन वर्षांत तिचं एक दुखणं सुरू झालं. केरीच्या सपाटीवर मूठ पिळली की क्षणभर दम धरून मग पुढे जायची, आणि रेस सोडली की सायलेन्सरमधून फट फट आवाज. अंजुणे धरण मागे टाकून बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट चढलो की मात्र तीच गाडी गप्प, सुरळीत.

या एका गोष्टीत सगळं निदान आहे. घाटमाथा साधारण 800 मीटरवर. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ असते. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं पितळेचं भोक, तोच, हवा कमी, म्हणजे मिक्सचर रिच होतं: हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. रिच झाल्यावर गाडी सुधारते, याचा अर्थ खाली ती लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालत होती. तुमची गाडी उलट वागत असेल, म्हणजे खाली बरी आणि वर धापा टाकत काळा धूर सोडत असेल, तर खाली ती आधीच रिच आहे.

लीन का झाली, तेही समजून घ्या. साध्या पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. आता पंपावर मिळतं तसं वीस टक्के इथेनॉल मिसळलं की तोच आकडा साधारण 13.5 वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या सांगण्यावरून स्वतःला जुळवून घेते. कार्बोरेटरमधलं पितळेचं भोक मात्र 2012 मध्ये होतं तेवढंच आहे.

तरीही लगेच जेट विकत आणू नका. माझा भाचा हेच करायला निघाला होता, त्याला मी दोन दिवस थांबवलं. आधी एअर फिल्टर बघा. आमच्याकडे डिचोली-सत्तरीत खाणीच्या रस्त्यांची लाल धूळ फिल्टरमध्ये पिठासारखी बसते आणि गाडी रिच करते. अशा फिल्टरवर ट्युनिंग केलंत, तर फिल्टर बदलल्या दिवशी सगळं पुन्हा बिघडेल. मग कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबरी मॅनिफोल्ड. गाडी आयडलला ठेवून त्याच्या कडांवर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जातेय, आणि तो चिरलेला रबर बदलल्याशिवाय कुठल्याही जेटचा उपयोग नाही. प्लग नवा, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बरोबर, सायलेन्सरचं गॅस्केट शाबूत. रेस सोडल्यावरचे फटाके या गॅस्केटमधूनही येतात.

आता कार्ब उतरवा. मोकळ्या जागी, देवघरातल्या दिव्यापासून आणि स्वयंपाकाच्या गॅसपासून लांब, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोट बाउलच्या (कार्बच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि ती बाटली पाच मिनिटं उजेडात ठेवा. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. फेणीत पाणी घातलं की ते मिसळून जातं, तसंच इथेनॉलही हवेतलं पाणी स्वतःत घेतं. त्याची मर्यादा संपली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. बाटलीत खाली वेगळा थर दिसला, तर तुमचा आजार जेटचा नाही, टाकीचा आहे.

बाउलचे स्क्रू मऊ असतात आणि जपानी पद्धतीच्या खाचेचे असतात. साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात वर सरकतो आणि खाच खातो, म्हणून जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा घ्या, दाबून धरा, मग फिरवा. कार्बला वायरचं सॉकेट असेल तर आधी ते सोडवा, वायर ओढू नका. वरचं झाकण उघडल्यावर काळ्या रबराचा पडदा, म्हणजे डायफ्राम, दिसेल. तो उजेडासमोर धरून बारीक भोकं तपासा. कार्ब क्लीनरचा थेंबही त्यावर पडू देऊ नका, रबर फुगतं आणि मग ते झाकणाखाली नीट बसत नाही.

जेट साफ करायला तार वापरू नका. पितळ मऊ, भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं. मी तंगूस वापरतो, गरीला लावतात ती बारीक नायलॉनची दोरी, आणि नंतर हवेचा फवारा. एका गॅरेजमध्ये माझा मेन जेट बारीक ड्रिल घालून ‘मोठा’ केला होता. त्यानंतर ती गाडी कुठल्या आकड्यावर चालतेय हे सांगणंच अशक्य झालं, आणि जेट फेकून नव्याने सुरुवात करावी लागली. त्याचा मला आजही राग आहे, कारण योग्य आकड्याचा जेट ही फार महागाची वस्तू नव्हे.

जेटवर आकडा कोरलेला असतो. तो भिंगाने वाचा आणि वहीत लिहा. केहिन आणि मिकुनी या कार्ब बनवणाऱ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आपल्या कार्बचाच जेट घ्या. व्यासावर आकडा असलेल्या जेटमध्ये 100 वरून 105 वर जाणं म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्के वाढवणं. आकड्यांत पाच दिसतात, इंजिनाला दहा लागतात. म्हणून एका वेळी एकच पायरी, दोन किंवा अडीचची.

ट्युनिंगमध्ये सगळ्यात मोठा घोळ होतो तो आरपीएमवर लक्ष ठेवल्याने. कार्बला आरपीएम कळत नाही, मूठ किती उघडी आहे एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि मिक्सचर स्क्रू, पाव ते पाऊण निडल (मेन जेटच्या वर सरकणारी निमुळती सुई), पाऊणच्या वर मेन जेट. हद्दी थोड्या एकमेकांत मिसळतात, पण काम भागतं. हँडलच्या स्विचच्या घरावर पांढऱ्या टेपने एक रेघ आणि मुठीच्या रबरावर चार रेघा काढा: बंद, पाव, अर्धी, पूर्ण. मग गाडी कुठे अडखळते ते रेघेवर बघून सांगा. माझी अडखळायची पावच्या आसपास आणि परत पूर्ण मुठीला. मधलं ठीक होतं.

सुरुवात मेनपासून, कारण पूर्ण मुठीला लीन चाललेलं एअर-कूल्ड इंजिन तापून पिस्टन जाम होऊ शकतो. चाचणीसाठी सपाटीवर भन्नाट वेग घ्यायची गरज नाही. घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ द्या: इंजिनावर भार पूर्ण येतो आणि वेग आवाक्यात राहतो. सकाळी लवकर जा, बेळगावच्या बसेस आणि ट्रक सुरू व्हायच्या आधी. गाडी चढत असतानाच चोक किंचित ओढून बघा. जोर वाढला तर लीन, घुसमटली तर रिच किंवा बरोबर. नंतर रुंद वळणाच्या अलीकडे क्लच दाबून इग्निशन बंद करा (चावी एकच खूण, हँडल लॉक होईपर्यंत नव्हे) आणि बाजूला थांबून, हातमोजा घालून प्लग काढा. खडूसारखा पांढरा म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, मारी बिस्किटाचा रंग म्हणजे बरोबर. इथेनॉलच्या पेट्रोलवर हा रंग फिका येतो, म्हणून पांढऱ्या चिनीमातीच्या अगदी मुळाशी, आत खोलवर असलेली कडी बघा.

मेन ठरला की पायलट. दहा मिनिटं फिरवून गाडी गरम करा. मिक्सचर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आणि हिशेब उलटा. तो हलक्या हाताने पूर्ण आत बसवा. जोर लावलात तर सुईचं टोक बसकं होतं. तिथून दोन फेरे बाहेर काढून सुरुवात करा, मग पाव पाव फेरा फिरवत आयडल सगळ्यात वर कुठे जातं ते शोधा, आणि आयडलच्या नॉबने रेस खाली आणा. सगळ्यात चांगली जागा तीन फेऱ्यांच्या पलीकडे सापडली तर पायलट जेट एक पायरी मोठा हवा, एका फेऱ्याच्या आत सापडली तर लहान. माझी जागा सव्वातीनला होती. पायलट बदलल्यावर ती पावणेदोनवर आली आणि फटाके बंद. पुढच्या पीयूसीच्या कागदावर सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा जरूर बघा. तो फक्त आयडलबद्दल सांगतो, पण खरा सांगतो.

निडल शेवटी, कारण तिच्या दोन्ही टोकांना या दोघांची हद्द लागते. व्हॅक्यूमवर उघडणाऱ्या बऱ्याच कार्बमध्ये निडलला क्लिपच्या खाचा नसतात. अर्ध्या मुठीला लीन वाटली तर निडलच्या डोक्याखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा एक पितळी वॉशर पुरतो. मला लागला नाही.

कार्ब बसवून क्लॅम्प आवळा, पेट्रोलचा कॉक उघडा आणि रात्रभर बाउलखाली कोरडा पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर फ्लोटची सुई नीट बसलेली नाही: कॉक बंद करा आणि बाउल पुन्हा उघडा. डाग नसेल तर साइड पॅनेलच्या आतल्या बाजूला नव्या जेटचे आकडे, स्क्रूचे फेरे आणि तारीख मार्करने लिहा. जुने जेट डबीत घालून सीटखाली ठेवा.