टेबलावरची ‘शहिदाची चकती’ खाऱ्या हवेत कशी जपावी

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या शिपायाच्या घरी ब्रिटिश सरकारकडून ब्राँझची एक चकती यायची. कोकणात रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत पलटणीत गेलेल्यांची घरं पुष्कळ, त्यामुळे माळ्यावरच्या ट्रंकेत ती अजून सापडते. पुढे तिचा पेपरवेट होतो आणि कुणीतरी चिंच लावून ती लख्ख करतं. तिथेच घात होतो.

आधी ओळख पटवा. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. वर ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती) आणि सिंह, कडेने ‘ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर’, चौकटीत उठावदार अक्षरांत शिपायाचं नाव. हुद्दा नसतो, मरणात सगळे सारखे म्हणून तो मुद्दामच गाळला होता. मूळ चकतीवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू आकसल्याने किंचित लहान आणि बोथट येते. चौकटीत कानशीचे ओरखडे किंवा कोरलेली अक्षरं दिसली, तर जुनं नाव घासून नवं घातलंय असं समजा.

चिंच, आमसूल, लिंबू, राख, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, धातूचं कवच आहे. ते गेलं की उठावदार अक्षरं झिजतात, आणि पहिला बळी नावाचा.

खरी भीती फिकट हिरव्या, भुरभुरीत ठिपक्यांची. गडद, घट्ट हिरवट थर बहुधा निरुपद्रवी असतो; पण बोटाला पूड लागली, तर खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड धातू आतून पोखरतंय. लाकडी दातकोरणीने पूड अलगद काढा, मऊ ब्रशने झाडा. चकती डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, असं चार-पाच दिवस. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातही क्षार असतात. मग सुती कापडाने टिपून हेअर ड्रायरच्या कोमट हवेने खाचाखोचा सुकवा.

लगेच मेण लावू नका; क्षार आत राहिले असतील तर थराखाली ते कामाला लागतात. आधी महिनाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा. जेवणाच्या डब्याएवढ्या डब्याला ५० ते १०० ग्रॅम पुरे. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवा, परत नारिंगी होतात. पूड फिरून आली नाही, तरच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (जुन्या वस्तू जपायला वापरतात ते मेण) पातळ हात द्या आणि तासाभराने कापडाने पुसा. आली, तर घरगुती उपाय थांबवून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारा.

टेबलावर ठेवायची असेल तर अॅक्रिलिकचा स्टँड बरा. भोक पाडून खिळ्याला टांगलेल्या चकत्या बघवत नाहीत. प्लायवूडच्या शोकेसमध्ये आम्लाची वाफ साठते, तेव्हा ती नकोच. मृगाच्या आधी चकती डब्यात टाका, दिवाळीला बाहेर काढा. हाताळताना कडेने धरा. घामातही मीठ असतं.